तंबोऱ्यावर पारखलेले स्पीकर

चंदीगडातल्या मनीमाजऱ्याच्या मोटर मार्केटात, एका दुकानासमोरच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर मी बसले होते आणि माझ्या मांडीवर दोन जुने स्पीकर होते. लांबट, अंड्याच्या आकाराचे, पूर्वी गाडीच्या मागच्या काचेखालच्या फळीवर बसवायचे तसले. दुकानातल्या सरदारजींनी स्क्रू काढून ते उचलले, फुंकर मारली आणि "लो जी, आपकी अमानत" म्हणत माझ्या हवाली केले. कडेचा काळा फोम बोट लावताच भुगा होऊन ओढणीवर पडला. आतून वास आला. तापलेल्या रेक्झिनचा, धुळीचा आणि किन्नूच्या, म्हणजे इकडच्या संत्र्याच्या, वाळलेल्या सालींचा. किन्नूचा वास खरंच आला की मीच तो मनातून काढला, ते मला सांगता येणार नाही.

माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, गाडीतच पुढच्या सीटवर बसून होते. कानातलं यंत्र नेहमीसारखं सदऱ्याच्या खिशात. मी त्यांना स्पीकर उचलून दाखवले. ते हसले आणि म्हणाले, "मिरजेचे!" जरा मोठ्यानेच म्हणाले, ऐकू कमी येणारी माणसं म्हणतात तसं. शेजारच्या दुकानातल्या दोघांनी वळून पाहिलं.

स्पीकर काही मिरजेचे नव्हते, इथलेच होते, याच दुकानातून घेतलेले. पण त्यांची परीक्षा मिरजेनं घेतली होती, म्हणून आमच्या घरात ते मिरजेचे. आमच्याकडे गाड्या बदलल्या, हे दोघं बदलले नाहीत. पांढरी गाडी गेली, राखाडी आली, तीही गेली, मग माझी आली. गाडी विकायच्या आदल्या दिवशी अण्णा स्क्रू ड्रायव्हर घेऊन मागच्या सीटवर गुडघे टेकून बसत आणि स्पीकर काढून घेत. घेणारा कुरकुरायचा, "अंकल जी, ये तो रहने दो." अण्णा त्याला सांगत, "इंजन ले जाओ. ये नहीं."

अण्णा केंद्र सरकारच्या एका खात्यात होते. मी प्राथमिक शाळेत असताना त्यांची बदली झाली आणि आम्ही तिघं मिरजेहून थेट चंदीगडला येऊन पडलो. इथले रस्ते सरळ, चौक गोल, घरं एकसारखी, आणि बोलणं असं की आईला वाटे सगळे भांडताहेत. परत जायचं तेव्हापासूनच ठरलेलं होतं. मग जायचं राहिलं. का राहिलं ते आता कुणालाच धड सांगता येत नाही.

मिरजेत अण्णांचं बालपण तंबोरे, सतारी करणाऱ्यांच्या गल्लीत गेलं. छपरांवर भोपळे वाळत घातलेले असत. शाळेतून येताना प्रत्येक दुकानातून कुणी ना कुणी तार छेडत असे आणि अण्णा म्हणे ओळखून सांगत, कुणाची तार उतरली आहे. ते स्वतः वाजवत नसत. लोकांसमोर गातही नसत. पण कान असा, की इथं चंदीगडातही वरच्या मजल्यावरचा पंखा कुरकुरायला लागला तर जेवता जेवता थांबत आणि म्हणत, "त्यांना सांगायला पाहिजे, तेल घाला." सांगायला जातही. वरच्या खन्ना आंटी त्यांना पंख्याचे डॉक्टर म्हणत.

त्यांच्याकडे एक कॅसेट होती. गल्लीतल्या ओळखीच्या कारागिरानं दुपारच्या वेळी दुकानात बसून भरून दिलेली. तिच्यावर गाणं नव्हतं. नुसता तंबोरा. एका बाजूला तंबोरा, उलटवली की दुसऱ्या बाजूलाही तंबोराच. मध्ये एकदा रस्त्यावरच्या सायकलची घंटी आणि एकदा त्या कारागिराचा खोकला. अण्णा या कॅसेटवर स्पीकर पारखत. साडी घेताना बायका ती उजेडात नेऊन बघतात, तशी ही त्यांची रीत.

दुकान तेव्हा आताच्या सरदारजींच्या वडिलांचं होतं. थोरले सरदारजी गिऱ्हाईक आलं की ढोलवालं गाणं लावत, आवाज चढवत, आणि गाडीच्या काचा थरथरायला लागल्या की मिशीला हात लावत. अण्णा हात जोडून म्हणाले, "सरदारजी, ये बंद कीजिये. हमारा कॅसेट लगाइये." कॅसेट लागली. पंचम, षड्ज, षड्ज, खर्ज. पुन्हा पंचम, षड्ज, षड्ज, खर्ज. सरदारजी कमरेवर हात ठेवून गाण्याची वाट बघत राहिले. शेवटी त्यांना राहवेना.

"भाईसाब, इसमें गाना कब आएगा?"

"नहीं आएगा."

"आएगा ही नहीं?"

"बस यही है."

सरदारजींनी आईकडे पाहिलं. माणूस बरा आहे ना, असं त्या नजरेत होतं. आई पर्समधून बडीशेप काढून खात होती. तिला सवय होती.

जोड्यांमागून जोड्या वाजल्या. चारही तारा वेगवेगळ्या ऐकू यायला हव्यात, आणि शिवाय तारेच्या कडेनं जी बारीक, मधाळ गुणगुण उमटते, तिला जवारी म्हणतात, ती सुटी ऐकू यायला हवी, ही अण्णांची अट. बहुतेक स्पीकर तिथंच नापास व्हायचे. कुणाचा खर्ज सुजलेला, कुणाची जवारी पत्र्यासारखी. मग हे दोघं लागले. अण्णांनी डोळे मिटले. सायकलची घंटी वाजली आणि थोरले सरदारजी चक्क रस्त्याकडे बघायला लागले. अण्णा डोळे उघडून म्हणाले, "हेच."

बसवून झालं की दुसरी परीक्षा सुरू व्हायची, ती माझी. अण्णांचं म्हणणं, गाणारी बाई समोर, काचेपाशी बसून गायली पाहिजे, पाठीमागून ओरडली नाही पाहिजे. ते पुढं बसून आवाज जरा पुढं, जरा मागं, जरा डावीकडं असा फिरवत आणि मला विचारत, "आता कुठं बसलीय?" मी मागच्या सीटवरून बोट दाखवी. "आईच्या डोक्यावर." आई म्हणे, "उतरवा तिला." पुन्हा बटण फिरे. "आता?" "आरशाखाली." "पक्कं?" "पक्कं." मग अण्णा गाडी सुरू करत. आरशाखाली बसलेल्या त्या न दिसणाऱ्या बाईसाठी आई काच जराशी खाली करायची, तिला वारा लागावा म्हणून. चेष्टेनं करायची, पण करायची.

आणि मग अण्णा गात. सगळ्या जगात फक्त गाडीत. दोन्ही हात स्टिअरिंगवर, नजर रस्त्यावर, आणि बाईच्या आवाजाच्या खालून, तिला धक्का लागू नये अशा बेतानं त्यांचा सूर चाललेला. मागच्या फळीला डोकं टेकलं की एका कानात ती आणि दुसऱ्या कानात अण्णा. मी आईशी हिंदीत बोलायचे, शाळेनं ती सवय लावलेली. पण अण्णा गायला लागले की गप्प बसायचे. मला शब्द कळत नसत. सूर लागला की अण्णांचे खांदे खाली येत, ते मला मागून दिसे, आणि मला फार सुरक्षित वाटे.

रविवारी संध्याकाळी आम्ही निघत असू. कुठं जायचं ते ठरलेलं नसे. सुखना तलाव, पिंजौरची बाग, कधी कसौलीच्या अर्ध्या रस्त्यापर्यंत. परतताना घर जवळ आलं आणि गाणं संपलेलं नसलं, तर अण्णा चौकातून बाहेरच पडत नसत. या गावातले चौक गोल आणि मोठे, त्यामुळे सोय चांगली. गाडी चौकाभोवती फिरत राही, मधल्या बागेतली फुलं पुन्हा पुन्हा समोरून जात, आणि बाई समेवर आली की मगच आम्ही आमच्या सेक्टरच्या रस्त्याला लागत असू. एकदा चौकातल्या पोलिसानं थांबवलं. "अंकल जी, रास्ता भूल गए?" अण्णा म्हणाले, "नहीं भाई, तान बाकी थी." पोलिसानं आत वाकून बघितलं, बाई कुठं दिसेना, मग सॅल्यूट ठोकून त्यानं आम्हाला सोडलं.

पहिल्या उन्हाळ्यात मात्र आमची फजिती झाली. मिरजेच्या माणसाला उन्हाळा माहीत असतो, पण हा उन्हाळा नव्हता माहीत. कॅसेट पुढच्या काचेपाशी राहिली आणि दुपारभर गाडी उन्हात उभी. संध्याकाळी तंबोरा लावला, तर चारही तारा दारू प्यायल्यासारख्या चालायला लागल्या. षड्ज वर चढे, कण्हत खाली येई. अण्णा गाडी बाजूला घेऊन नुसते बसून राहिले. बाहेर अमलतासाची, म्हणजे आपल्या बहाव्याची, पिवळी फुलं गळत होती. दिवाळीला मिरजेला गेलो तेव्हा अण्णा कारागिराकडे खाली मान घालून उभे राहिले आणि त्यानं हसत हसत पुन्हा दुपारभर बसून नवी भरून दिली. या वेळी घंटी नव्हती, खोकला होता. त्यानंतर उन्हाळ्यात कॅसेटी गाडीत एकट्या ठेवायच्या नाहीत असा नियम झाला. आम्ही उतरलो की त्याही उतरत. सुखनेच्या काठानं लोक हातात भुट्टा घेऊन फिरत, आणि माझी आई कॅसेटींची पिशवी घेऊन.

हिवाळ्यात याच्या उलट. धुकं इतकं, की दिवा लावूनही पुढची गाडी दिसू नये. काचा आतून ओल्या व्हायच्या आणि मी त्यांच्यावर बोटानं मराठी अक्षरं काढायचे, तेवढीच येत होती. आई किन्नू सोलून पुढं-मागं वाटायची आणि साली मागच्या फळीवर, स्पीकरांशेजारी ठेवायची. हीटरच्या उबेनं त्या वाळत आणि सगळ्या गाडीला तोच वास येई. रेवड्या दाताखाली फुटायच्या. अण्णा म्हणत, "हळू खा गं, जवारीत येतंय."

शेजारून एखादी धडधडणारी गाडी गेली की अण्णांचा चेहरा आंबट व्हायचा. चंदीगडात अशा गाड्यांना तोटा नाही. गाडी दिसायच्या आधी ठोके पोटात येतात. अण्णा काच वर घेत आणि म्हणत, "गाणं ऐकतात का धान्य कांडतात?" त्यांच्या शिव्या यापलीकडे जात नसत.

त्यांच्या कानातून आधी काय गेलं, ते मला आता मागं वळून बघताना कळतं. कोकीळ गेली. मग कुकरची शिट्टी. दाराची बारीक बेल. आई गेली त्याच्या आधीपासून हे सुरू झालं असणार, पण ती त्यांच्यासाठी दोनदा बोलायची, त्यामुळे लक्षात आलं नाही. ती गेल्यावर मी अण्णांना मोहालीच्या एअरोसिटीतल्या माझ्या घरी घेऊन आले आणि पहिल्याच आठवड्यात दूध उतू जाऊन, करपून घरभर धूर झाला. गॅसवरच्या दुधाचा आवाज त्यांना आला नव्हता. ते शेजारच्या खुर्चीत बसले होते.

कानाच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, वयानं जातं तसं बारीक, उंच आवाजाचं ऐकणं गेलं आहे, जाड आवाज शिल्लक आहेत, आणि गेलेलं परत येत नाही. यंत्र दिलं. यंत्रानं अण्णांना माणसांचं बोलणं कळे, पण गाणं लावलं की ते काढून खिशात ठेवत. "भांडी घासल्यासारखं येतं गं," म्हणत.

माझा स्वभाव असा, की बिघडलेलं काही दिसलं की हात शिवशिवतात. मोहालीच्या आयटी कंपनीत माझं कामच ते, लोकांची बंद पडलेली कामं चालू करून देणं. 'दुरुस्त होत नाही' हे वाक्य मला ऐकूनच राग येतो. त्यात एकदा ऑफिसातून येताना मी अण्णांना डॉक्टरकडून घेऊन घरी निघाले होते, गाणं चालू होतं, आणि अण्णा म्हणाले, "गाडीत जरा बरं ऐकू येतं बघ." झालं. मी ते वाक्य धरून बसले.

आधी दारातले स्पीकर बदलले. मग काचेच्या दोन्ही खांबांवर बोटभर लहान स्पीकर लावले, उंच आवाजासाठी मुद्दाम. मग सीटखाली अँप्लिफायर. प्रत्येक वेळी मला जास्त ऐकू यायला लागलं. बाईचा श्वास, तबल्यावरचं बोट सरकलेलं, मागं कुणीतरी पान उलटवलेलं. अण्णांना विचारलं की ते म्हणत, "छान." मोहालीतच फ्लॅट घेऊन राहणारा आमच्या ऑफिसातला नाशिकचा मुलगा मला कौतुकानं म्हणाला, "मॅडम, तुमची सिस्टीम एकदम कडक आहे यार." मी थँक्यू म्हणाले. मला कडक सिस्टीम नको होती. अण्णांनी गाडीत पुन्हा एकदा बाईच्या खालून सूर लावावा, आणि मी तो ऐकावा, एवढंच हवं होतं. ते गाणं कधी बंद झालं तेही मला कळलं नव्हतं. एक दिवस लक्षात आलं, की बरेच दिवस ते नुसतेच बसून असतात.

म्हणून आज पुन्हा इथं, मनीमाजऱ्याला. या वेळी मी अण्णांनाच बरोबर घेतलं. म्हटलं, त्यांची रीत त्यांनीच करू दे.

सकाळी दुकानात भिंतभर स्पीकर लावलेले होते. बटण दाबलं की एकेक जोडी वाजते. कॅसेटचा तंबोरा मी केव्हाच फोनमध्ये घेऊन ठेवला होता. अण्णांना स्टुलावर बसवलं, यंत्र त्यांनी आपण होऊन काढलं, आणि तंबोरा लावला. धाकटे सरदारजी आता पन्नाशीचे आहेत. त्यांना तंबोरा ओळखीचा निघाला. "ये तो पापा जी सुनाते थे, बिना गाने वाली कैसेट!" ते मनापासून खूश झाले आणि एकेक बटण दाबायला लागले.

अण्णा डोळे मिटून बसले होते. तेच बसणं, तीच पुढं झुकलेली मान. "छान," ते म्हणाले. पुढची जोडी. "हेही छान. पण मघाचं जरा मोकळं होतं." मी सरदारजींना म्हटलं, "देखा, कान अजून पक्के आहेत," अर्धं हिंदी, अर्धं मराठी, त्या क्षणी मला भान नव्हतं.

तेवढ्यात माझा फोन वाजला. ऑफिसचा. तंबोरा थांबला. मी दाराशी जाऊन फोन कापला आणि वळले. सरदारजींनी सवयीनं पुढचं बटण दाबलं होतं. दुकानात काहीही वाजत नव्हतं. बाहेर कुठंतरी ड्रिल मशीन चालू होतं, तेवढंच. अण्णांनी मिटल्या डोळ्यांनीच बोट वर केलं.

"हां. हे बघ. इथं जवारी आली."

सरदारजींनी माझ्याकडे पाहिलं. मी फोन हातात धरून उभी होते. पुन्हा तंबोरा लावावा तर तो कुणासाठी, आणि न लावावा तर अण्णांनी डोळे उघडल्यावर काय सांगायचं? अण्णा तसेच हसऱ्या चेहऱ्यानं मान हलवत होते. त्यांना काय ऐकू येत होतं, आतमध्ये जुना तंबोरा खरंच वाजत होता का, मला अजूनही माहीत नाही.

"अंकल जी, पानी पिओगे?" सरदारजींनी मोठ्यानं विचारलं, आणि गडबडून काहीतरी करायचं म्हणून त्यांनी आपलं एक गाणं लावलं. पंजाबी, ढोलवालं, खाली ठेवलेल्या, जाड आवाजाच्या लाकडी पेटीतून वाजणारं. जमीन हादरली. काउंटरवरचे स्क्रू नाचायला लागले.

अण्णांनी डोळे उघडले. ते उठले, पेटीजवळ गेले आणि तिच्यावर तळवा ठेवला.

"अगं, हे येतंय की!" ते म्हणाले. "हे चांगलं येतंय!"

तो आवाज खरा होता. त्याच्या आधीचा एकही 'छान' तसा नव्हता, हे मला त्या एका वाक्यानं कळलं. आणि तरीही मी सरदारजींना म्हटलं, "यही लगा दो." दुसरं काय म्हणणार होते?

पेटी ठेवायला मागची फळी मोकळी करावी लागली. म्हणून ते दोन स्पीकर निघाले आणि माझ्या मांडीवर आले. काम चालू असेपर्यंत मी त्यांच्या फोमचा भुगा ओढणीवरून झटकत बसले. झटकला तरी डाग राहिलाच. सरदारजींनी विचारलं, "इनका क्या करना है, मैडम?" मी म्हटलं, "द्या पिशवीत घालून." नंतर लक्षात आलं की मी मराठीत बोलले, पण त्यांनी पिशवी दिली.

निघालो. मध्य मार्गाला लागल्यावर मी अण्णांचा आवडता अभंग लावला, तीच जुनी बाई. दारातल्या आणि खांबांवरच्या स्पीकरांतून ती इतकी स्वच्छ आली, की माझ्या अंगावर काटा आला. काचेपाशी, बरोबर आरशाखाली. मी अण्णांकडे पाहिलं. ते बाहेरची झाडं बघत होते.

थोड्या वेळानं त्यांनी माझ्या मनगटावर हात ठेवला.

"ते दुकानातलं लाव की."

"कुठलं, अण्णा?" मी मोठ्यानं विचारलं.

"ते ढोलाचं. त्यात ठेका येतो." मग जरा थांबून म्हणाले, "बाकीचं मला काही येत नाही गं. तू एवढी धडपडतेस, एवढी यंत्रं आणतेस, म्हणून आपलं छान छान म्हणायचो. तुझ्या तोंडाकडं बघून म्हणायचो."

ते हे अगदी सहज बोलले, भाजीत मीठ कमी आहे म्हणावं तसं. मी अभंग बंद केला. त्यांना तो बंद झाल्याचंही कळलं नाही. निघताना सरदारजींनी फोनवर पाठवलेलं ते गाणं शोधलं आणि लावलं. आवाज वाढवला. आणखी वाढवला. सीट हादरायला लागली, आरसा हादरायला लागला.

"हां!" अण्णा ताठ बसले. मांडीवर त्यांची बोटं पडायला लागली. "केरवाच आहे गं शेवटी! आपल्या भजनाचाच ठेका! ऐक!"

आणि ते गायला लागले. पंजाबी ठेक्यावर आपला अभंग. मान डोलत होती, डोळे अर्धे मिटले होते, हात समेवर मांडीवर पडत होता आणि एकदाही चुकत नव्हता. किती वर्षांनी त्यांचे खांदे तसे खाली आले होते. शेजारच्या गाडीतली कॉलेजची पोरं आमच्याकडे बघून अंगठे दाखवत होती. पांढऱ्या केसांचा म्हातारा एवढ्या मोठ्यानं गाणी लावून चाललेला बघून त्यांना मजा वाटत होती.

मला त्यांचा सूर ऐकायचा होता. बेसूर झाला असेल तर बेसूर, पण तोच. मी आवाज थोडा कमी केला. अण्णांचा हात हवेतच थांबला. ते बावरून माझ्याकडे वळले.

"गेलं गं. कुठं गेलं?"

"आहे, आहे," मी म्हटलं आणि आवाज होता तिथं नेऊन ठेवला. त्यांना ठेका सापडला. ते पुन्हा सुरू झाले.

पुढचा सिग्नल लाल होता. गाडी उभी राहिल्यावर मी त्यांच्याकडे वळून बसले, अगदी जवळ वाकले. धडधडीनं माझे कान भरून गेले होते. त्यांचे ओठ हलत होते, गळ्याची शीर फुगत होती, एका जागी त्यांनी सूर लांबवला असावा, कारण तोंड बराच वेळ उघडं राहिलं. अण्णा माझ्या शेजारी बसून गात होते आणि मला त्यातलं काहीही ऐकू येत नव्हतं.